शंभर लिटरच्या प्लांटेड टँकला घरी सीओटू कसा करावा, आणि फोटोकॅटॅलिसिस चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरी १०० लिटरचा प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक आहे, त्यात लाल रोटाला ही पाणवनस्पती आणि पुढे गवताचा गालिचा करायचा आहे, आणि त्यांच्या वाढीसाठी पाण्यात सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडायचा आहे. त्याचा सिलिंडर घरात आणायला आईवडील तयार नाहीत आणि साखर आंबवून वायू देणाऱ्या यीस्टच्या बाटलीवर तुमचा भरवसा नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असल्याने टायटॅनियम डायऑक्साइडबद्दल वाचलं आहे, म्हणून यूव्ही एलईडी लावून साखरेच्या पाण्यातून फोटोकॅटॅलिसिसने (प्रकाश पडल्यावर काम करणाऱ्या उत्प्रेरकाने) सीओटू काढता येईल का, असं विचारलं आहे.

मी पुण्यात बावीस वर्षं अकरावी-बारावीची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली आणि त्यातली अठरा वर्षं घरी प्लांटेड टँक ठेवले आहेत. हे दोन्ही विषय मला फार जवळचे आहेत, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी प्रश्न जरा फिरवून मांडते. सीओटू तयार करणं हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. सोड्यावर लिंबू पिळलं तरी तो तयार होतो. दिवसाचे सात-आठ तास तो सारख्या वेगाने, शुद्ध, पुरेशा दाबाने मिळाला पाहिजे आणि पाण्यात विरघळला पाहिजे, हे अवघड आहे. वर दिवे बंद झाले की तो थांबवताही आला पाहिजे. कुठलीही पद्धत या कसोटीवर घासून पाहा, म्हणजे निवड सोपी होते.

त्यासाठी किती वायू लागतो हे पाहू. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात सीओटू लिटरला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो. प्लांटेड टँकमध्ये आपण लिटरला २० ते ३० मिलिग्रॅम धरून चालतो. १०० लिटरला ३० मिलिग्रॅम म्हणजे एकूण फक्त ३ ग्रॅम. पण हा आकडा एकदा गाठून भागत नाही. पृष्ठभागावरून वायू सतत उडत असतो, डिफ्यूजरचे (वायू बारीक बुडबुड्यांनी पाण्यात सोडणाऱ्या चकतीचे) काही बुडबुडे न विरघळताच वर जाऊन फुटतात आणि झाडंही खातात. माझ्या १०० लिटरच्या टँकला, फिल्टरचा प्रवाह मध्यम ठेवून, दिवसाला साधारण ७ ते ८ ग्रॅम लागतो. तुमच्याकडे पाण्याची खळबळ जास्त असेल तर दहाही लागेल. पुढच्या हिशेबाला आपण ८ ग्रॅम धरू.

आता फोटोकॅटॅलिसिस. इथे आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ‘फोटोकॅटॅलिसिस आणि सीओटू’ असं शोधलं की जे संशोधन समोर येतं, त्यातलं बहुतेक उलट दिशेचं असतं. त्यात प्रकाशाच्या मदतीने सीओटूपासून मिथेनॉल, मिथेन किंवा कार्बन मोनॉक्साइड करायचा प्रयत्न असतो, म्हणजे सीओटू खर्च होतो. तुम्हाला हवी आहे ती ऑक्सिडीकरणाची बाजू, सेंद्रिय पदार्थ पूर्ण जळून सीओटू आणि पाणी होण्याची. ती बाजूही खरी आहे आणि तिचा चांगला अभ्यास झालेला आहे. सांडपाण्यातले रंग आणि कीटकनाशकं नष्ट करायला ती वापरतात.

ही क्रिया चालते कशी? टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज रूपाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वर उडायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पडला तरच इलेक्ट्रॉन वर उडतो आणि मागे धन-छिद्र उरतं. हे छिद्र पाण्याकडून किंवा पृष्ठभागाला चिकटलेल्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं, हायड्रॉक्सिल मूलकं तयार होतात आणि ती समोर येईल त्या सेंद्रिय रेणूला तोडत जातात. वर गेलेला इलेक्ट्रॉन विरघळलेला ऑक्सिजन घेतो. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, तेव्हापासून या पदार्थाचं वेड जगभर पसरलं. ते वेड रास्त आहे. सिद्धांत म्हणून तुमची कल्पना तर आकर्षकच आहे, कारण यीस्ट साखरेच्या रेणूतल्या १२ कार्बनपैकी ४ चाच सीओटू करतं आणि बाकीचे ८ अल्कोहोलात अडकतात. पूर्ण ऑक्सिडीकरणात बाराच्या बारा सुटतात.

पण फोटॉन मोजायला बसलं की चित्र बदलतं. समजा तुमचा दिवा ३६५ नॅनोमीटरचा आहे आणि त्यातून प्रत्यक्ष १० वॅट यूव्ही बाहेर पडतं. भिंतीतून ओढलेली वीज याहून बरीच जास्त असेल, ती सोडून देऊ. ८ तासांत २८८ किलोज्यूल झाले. या तरंगलांबीच्या एका मोल फोटॉनची ऊर्जा सुमारे ३२८ किलोज्यूल, म्हणून आपल्या हाती आले ०.८८ मोल फोटॉन. बहुतेक इलेक्ट्रॉन आणि छिद्रं काही काम करण्याआधीच परत एकमेकांना भेटून जिरतात. तरी उदारपणे शंभरातले पाच फोटॉन कामाला आले असं धरू. साखरेतल्या एका कार्बनचा सीओटू व्हायला ढोबळ मानाने ४ इलेक्ट्रॉन काढावे लागतात. हिशेब केला तर ०.०११ मोल, म्हणजे अर्धा ग्रॅमसुद्धा सीओटू होत नाही. तुम्हाला हवा आहे ८ ग्रॅम. तेवढा हवा असेल तर दीडशे वॅटच्या पुढे निव्वळ यूव्ही, त्याची उष्णता आणि त्याची वीज, हे सगळं आलं. तेवढ्याच सीओटूसाठी १६ ग्रॅम खायचा सोडा पुरतो.

दुसरी अडचण शुद्धतेची आहे, आणि माझ्या मते ती जास्त गंभीर आहे. क्रियेला ऑक्सिजन लागतो, तो तुम्ही हवेतून देणार. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. त्याचा अगदी कण न् कण सीओटूत बदलला तरी बाहेर येणाऱ्या वायूत पाचातले चार भाग नायट्रोजनच राहणार, आणि प्रत्यक्षात सीओटू टक्का-दोन टक्केच असेल. वायू पाण्यात किती विरघळेल हे त्याच्या आंशिक दाबावर ठरतं, हा हेन्रीचा नियम तुम्ही शिकला आहात. अशा पातळ मिश्रणाचे बुडबुडे सोडले तर टँकमधला सीओटू वाढायच्या ऐवजी तुम्ही एअर पंप लावल्यासारखं होईल.

तिसरी अडचण मधल्या पदार्थांची. साखर एका उडीत सीओटू होत नाही. वाटेत आम्लं आणि अल्डिहाइडं तयार होतात. अल्कोहोल वापरलं तर आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड, मग अ‍ॅसिटिक आम्ल आणि शेवटी सीओटू. अ‍ॅसिटाल्डिहाइड २० अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे वायूबरोबर ते तुमच्या माशांकडे जाणार. काही जण विचारतात की मग टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेली काच थेट टँकमध्येच ठेवली तर? नका ठेवू. हायड्रॉक्सिल मूलकाला माशाचा कल्ला, शेवाळ आणि सांडलेलं खाद्य यांतला फरक कळत नाही.

तुमचा उत्साह मोडावा म्हणून हे लिहीत नाहीये. हा प्रयोग प्रयोगशाळेत, टँकपासून दूर, जरूर करा आणि मासे मध्ये न आणता करा. चुन्याची निवळी दुधाळ होते का ते पाहायचं. फक्त दोन गोष्टी सांभाळा, कारण विद्यार्थी दर वर्षी तिथेच चुकायचे. आत जाणारी हवा आधी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून धुऊन घ्या, नाहीतर हवेतल्याच सीओटूने निवळी दुधाळ होईल आणि तुम्हाला यश आल्यासारखं वाटेल. आणि तोच प्रयोग एकदा दिवा बंद ठेवून, एकदा टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर न घालता करा. तीन बाटल्या शेजारी ठेवल्या की काय कशामुळे होतंय ते स्वच्छ दिसतं. कोरडी बारीक पावडर नाकातोंडात जाऊ देऊ नका आणि ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याकडे यूव्हीच्या चष्म्याशिवाय पाहू नका. तो मंद जांभळा दिसतो म्हणून लोक बेफिकीर राहतात.

विजेवर चालणारी आणखी एक पद्धत तुमच्या वाचनात येईल, टँकच्या पाण्यात कार्बनचा ठोकळा धन-अग्र म्हणून लावून इलेक्ट्रोलिसिस करायची. फॅराडेच्या नियमाने एक अँपिअर तासभर दिला तर जास्तीत जास्त ०.४ ग्रॅम सीओटू मिळतो. त्याबरोबर थोडा कार्बन मोनॉक्साइड होऊ शकतो, पाण्यात क्लोराइड असेल तर क्लोरीनही, आणि ऋण-अग्रावर चुन्याचा थर बसतो. लहान टँकसाठी अशी उपकरणं विकली जायची. मी एक चार महिने वापरलं आणि बंद केलं.

आता यीस्ट. तुम्ही लिहिलंय की भरवसा नाही, आणि तुमचं बरोबर आहे. पण का नाही ते समजून घ्या. २०० ग्रॅम साखर, लिटरभर पाणी आणि पाव चमचा ड्राय यीस्ट अशा बाटलीतून सिद्धांताने १०० ग्रॅमच्या आसपास सीओटू मिळतो. अल्कोहोल वाढलं की यीस्ट आपल्याच अल्कोहोलात दमतं, म्हणून हाती ८०-८५ ग्रॅमच येतो असं धरा. तो दोन आठवड्यांत, रात्रंदिवस. दिवसाला ६ ग्रॅम झाले, पण त्यातले ४ ग्रॅम अंधारात, जेव्हा झाडांना त्याचा काही उपयोग नाही आणि झाडं स्वतःच ऑक्सिजन खात असतात. दिवे असताना पदरात पडले २ ग्रॅम. शिवाय पहिले दोन दिवस वायू कमी, मग एकदम जोर, मग उतरण. पुण्यात डिसेंबरात पारा १०-१२ वर आला की बाटली झोपते आणि मे महिन्यात ती धावत सुटते.

या धावत सुटण्यानेच माझं नुकसान झालं आहे. लोडशेडिंगच्या दिवसांतली गोष्ट. मेमध्ये दोन ताज्या बाटल्या एकाच दिवशी लावल्या होत्या आणि रात्री एअर पंपावर विसंबून झोपले होते. पहाटे वीज गेली, पंप थांबला, बाटल्या मात्र चालूच राहिल्या. सकाळी सातही निऑन टेट्रा मासे तळाशी पडलेले होते आणि ड्रॉप चेकर, म्हणजे सीओटूच्या प्रमाणाप्रमाणे रंग बदलणारी टँकमधली कुपी, पिवळाधमक. ते दृश्य मी विसरलेली नाही. जी पद्धत बंद करता येत नाही तिच्यावर मासे सोपवायचे नाहीत, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

तरीही ४०-५० लिटरच्या टँकला यीस्ट चालतं. चालवायचंच असेल तर साखर चायना ग्रासमध्ये शिजवून त्याची जेली बाटलीच्या तळाशी थिजवा आणि यीस्टचं पाणी वरून घाला. साखर हळूहळू सुटते, जोर विभागला जातो आणि बाटली तीन-तीन आठवडेही चालते. दोन बाटल्या एका आठवड्याच्या अंतराने लावा. गूळ वापरू नका असं मी सांगेन. गूळ चालतो, पण फेस फार करतो आणि तो फेस नळीतून टँकमध्ये गेला की डिफ्यूजरवर पांढरा बुळबुळीत थर चढतो. मध्ये एक रिकामी बाटली ठेवली तर बहुतेक फेस तिथेच अडतो.

तुमच्या परिस्थितीला मला सगळ्यात योग्य वाटतं ते खायचा सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. हिशेब साधा आहे. एका रेणूमागे सायट्रिक आम्ल तीन रेणू सोड्याशी क्रिया करतं. १०० ग्रॅम सोड्यातून पूर्ण क्रिया झाली तर ५२ ग्रॅम सीओटू निघतो. दिवसाला ८ ग्रॅम धरले तर २०० ग्रॅम सोडा १२-१३ दिवस पुरतो. त्याला बाजारातलं पाणीयुक्त स्फटिकांचं सायट्रिक अ‍ॅसिड १७० ग्रॅम लागतं. कोरडं, निर्जल मिळालं तर १५५ ग्रॅम पुरे. खायचाच सोडा घ्या. धुण्याच्या सोड्यात निम्माही वायू नसतो आणि बेकिंग पावडरमध्ये आम्ल व स्टार्च आधीच मिसळलेलं असतं, पाणी लागलं की ती बाटलीतच उसळते.

पण दोन्ही एका बाटलीत ओतून झाकण लावलंत तर मोठा अपघात होईल. या पद्धतीचं सगळं मर्म दोन बाटल्यांच्या जोडणीत आहे. एका बाटलीत आम्लाचं द्रावण, दुसरीत थोड्या पाण्यात कालवलेला सोडा. आम्लाच्या बाटलीच्या तळापासून एक नळी सोड्याच्या बाटलीत जाते, तिच्यावर एकाच दिशेने उघडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. सोड्याच्या बाटलीतून दुसरी नळी वायू उलट आम्लाच्या बाटलीच्या वरच्या मोकळ्या जागेत नेते, तिच्यावरही असाच व्हॉल्व्ह. सुरुवातीला आम्लाची बाटली हाताने दाबायची. थोडं आम्ल सोड्यात पडतं, वायू होतो, दोन्हीकडचा दाब वाढतो आणि क्रिया थांबते. तुम्ही नीडल व्हॉल्व्हमधून (वायूचा वेग बारीक जुळवणाऱ्या तोटीतून) वायू काढत गेलात की सोड्याच्या बाटलीतला दाब जरा उतरतो, आम्लाच्या बाटलीतला तसाच राहतो, आणि हा फरक आणखी थोडं आम्ल पुढे ढकलतो. जेवढा वायू वापराल तेवढाच नवा तयार होतो.

किपचं उपकरण आठवा. संगमरवराचे तुकडे, वर आम्ल, आणि तोटी बंद केली की वायूच आम्लाला मागे रेटतो. तत्त्व तेच, फक्त काचेच्या जागी प्लॅस्टिक. संगमरवर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरावं असंही काही जण सुचवतील. प्रयोगशाळेत ते मी शेकडो वेळा केलं आहे, पण घरात नको. त्या आम्लाची वाफ वायूबरोबर टँकमध्ये जाते. सल्फ्युरिक वापरलं तर संगमरवरावर जिप्समचा थर बसून क्रिया मध्येच थांबते. सोडा आणि सायट्रिकमधून शेवटी उरतं सोडियम सायट्रेट, ते मोरीत ओतता येतं.

बाटल्या फक्त कोल्ड्रिंकच्या जाड पीईटीच्याच घ्या. त्या दाबासाठीच बनवलेल्या असतात. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या पातळ असतात आणि काच तर कधीच नको. झाकणं स्वतः भोक पाडून चिकटवत बसू नका, प्रेशर गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेली तयार झाकणांची जोडी मिळते, तेवढा एक खर्च कराच. माझ्या एका विद्यार्थ्याने एम-सीलने बंद केलेलं झाकण छताला जाऊन आदळलं होतं. सुदैवाने खोलीत कोणी नव्हतं. दर पाच-सहा महिन्यांनी बाटल्या बदला. कडेला पांढुरकी रेष दिसली तर लगेच. आणि नळी सिलिकॉनची नको, सिलिकॉनमधून सीओटू झिरपून जातो. न्यूमॅटिकच्या दुकानात मिळणारी पीयूची (पॉलियुरेथेनची) नळी घ्या.

आता सिलिंडरबद्दल, कारण तुमच्या आईवडिलांची भीती अडाणीपणाची नाही. २ किलोचा सिलिंडर म्हणजे सामान्य दाबाला ११०० लिटरच्या आसपास वायू. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच बंद खोलीत तो सगळा एकदम सुटला तर हवेत सीओटू सुमारे ३ टक्के होतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी मर्यादा अर्धा टक्का मानतात. म्हणजे डोकं दुखेल, धाप लागेल. हीच गोष्ट २०० ग्रॅम सोड्याच्या बाटलीची केली तर सगळा वायू सुटूनही ०.२ टक्क्यापर्यंतही जात नाही. हा हिशेब त्यांना दाखवा.

उद्या सिलिंडर घ्यायचं ठरलंच तर तो हवा खेळणाऱ्या हॉलमध्ये, उभा, साखळीने बांधलेला ठेवा, झोपायच्या बंद खोलीत नको. आतला सीओटू द्रवरूप असतो आणि २५ अंशांना दाब ६४ बारच्या आसपास. ३१ अंशांच्या वर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, तेव्हा दाब किती चढेल हे सिलिंडर किती भरला आहे यावर ठरतं. नागपूर-अकोल्याचा उन्हाळा आठवला की जास्त भरलेला सिलिंडर का घ्यायचा नाही ते कळेल. प्रमाणित सिलिंडर, त्यावर चाचणीची तारीख, आणि रिकाम्याचं-भरलेल्याचं वजन स्वतः करून घेणं, हे तीन आग्रह सोडू नका. या सिलिंडरांच्या सुरक्षिततेचं नियमन करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, मान्यतेबद्दल शंका आली तर तिथल्या नियमांना धरून चाला. जुना अग्निशामक सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, त्यामुळे रेग्युलेटरमध्ये (सिलिंडरचा दाब उतरवणाऱ्या तोटीत) वायूच्या ऐवजी द्रव येतो. शिल्लकही गेजवरून कळत नाही, द्रव संपेपर्यंत काटा तिथेच असतो, म्हणून वजनकाटा वापरा. आणि तळ गाठताना साध्या एका टप्प्याच्या रेग्युलेटरमधून वायू एकदम जास्त सुटू शकतो, तेव्हा शेवटच्या पाव किलोच्या आत सिलिंडर बदला.

बाकीच्या कल्पनांवर फार वेळ घालवायला नको. मेणबत्ती किंवा गॅस जाळून धूर पाण्यात सोडणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी. गोबर गॅसमध्ये ३०-४० टक्के सीओटू असतो हे खरं, पण बाकी मिथेन, आणि त्यातला हायड्रोजन सल्फाइड माशांना थेट विष. व्हिनेगर चालतं, फक्त ४ टक्क्यांच्या व्हिनेगरच्या लिटरमागे २९ ग्रॅम सीओटू मिळतो, त्यामुळे बाटल्याच वाहत बसाल. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून जे विकतात त्यात ग्लुटाराल्डिहाइड असतं, दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच. ते शेवाळ मारतं, सीओटू देत नाही.

इथपर्यंतचं एकत्र धरलं तर: फोटोकॅटॅलिसिस बाकावरच्या प्रयोगासाठी, यीस्ट ५० लिटरच्या आतल्या टँकसाठी, १०० लिटरला सोडा-सायट्रिक, आणि दोन-तीन टँक झाले की सिलिंडर.

आता पाणी. तुम्ही नळाचं वापरता की बोअरचं, हे लिहिलेलं नाही, आणि बरंच काही त्यावर अवलंबून आहे. पुण्याच्या नळाला येणारं खडकवासला धरणाचं पाणी बोअरच्या मानाने पुष्कळ मृदू आहे. बोअरच्या पाण्यात कार्बोनेटचा कडकपणा, म्हणजे केएच, जास्त असेल तर त्यात हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पती सीओटूशिवायही जोमाने वाढतात, कारण त्यांना बायकार्बोनेटमधून कार्बन घेता येतो. पानांवर चुन्याची खरखरीत साय दिसते ती त्याचीच खूण. रोटालाच्या लाल जातींना हे जमत नाही, त्यांना मोकळा सीओटूच हवा. रोटाला मॅक्रांड्रा आपल्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातली आहे, पण घरातल्या साचलेल्या पाण्यात ती सीओटूशिवाय काही आठवड्यांत विरळ होत जाते. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरायन एवढंच लावायचं असतं तर मी तुम्हाला यातलं काहीच करू नका म्हटलं असतं.

मोजायचं कसं? केएच आणि पीएच माहीत असेल तर सूत्र आहे: सीओटू मिलिग्रॅममध्ये = ३ गुणिले केएच गुणिले १० चा (७ वजा पीएच) इतका घात. केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर उत्तर ३० येतं. पण टँकमध्ये ड्रिफ्टवुड किंवा बदामाची पानं असतील तर त्यांच्या आम्लांमुळे पीएच आधीच उतरलेला असतो आणि सूत्र खोटं बोलतं. म्हणून ड्रॉप चेकर लावा, आणि त्यात टँकचं पाणी भरू नका. ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. डिस्टिल्ड पाण्यात सोडा घालून नेमकं ४ केएचचं द्रावण करा, तेच भरा, दोन-तीन थेंब ब्रोमोथायमॉल ब्लू. हिरवा रंग म्हणजे ३० च्या आसपास, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे धोका. रंग तास-दोन तास उशिरा बदलतो, तेव्हा व्हॉल्व्ह फिरवला की लगेच पुन्हा फिरवू नका.

सुरुवात अशी करा. सुट्टीच्या दिवशी, जेव्हा तुम्ही दिवसभर घरी आहात, दोन सेकंदांना एक बुडबुडा ठेवा. वायू दिवे लागण्याच्या दोन तास आधी चालू आणि दिवे बंद होण्याच्या तासभर आधी बंद, त्यासाठी नीडल व्हॉल्व्हच्या पुढे टायमरवरचा सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह) लावा. हाच भाग यीस्टला शक्य नसतो. डिफ्यूजर फिल्टरच्या प्रवाहाखाली, तळाजवळ ठेवा, म्हणजे बुडबुड्यांना विरघळायला वाट मिळते. माशांकडे लक्ष ठेवा. ते वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर वायू बंद, एअर पंप चालू, आणि निम्मं नाही तरी तिसरा हिस्सा पाणी बदला. सगळं ठीक असेल तर दर दोन दिवसांनी जरासा वेग वाढवत हिरव्यापर्यंत या. साधारण आठवडा लागेल. गवताचा गालिचा दिव्याच्या जोरावर धरेल की नाही हे वेगळं, दिवा किती वॅटचा आणि पाण्यापासून किती उंच आहे ते लिहिलंत तर त्यावर बोलता येईल.

आणि केएच मोजून कळवा. थेंबांची चाचणी कुठल्याही अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळते. तो आकडा आला की सोड्याची बाटली दीड लिटरची पुरेल की सव्वादोनची घ्यावी, तेवढं नेमकं सांगते.